घड्याळाच्या मागचं नाव

विलास, तू किती वाजता गेलास हे मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं.

मुद्दाम नाही. धंतोलीतल्या त्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर बाहेर आले. तुझ्या बायकोकडे, मंदाताईकडे पाहायचं टाळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर मनगट वर करून वेळ पाहून ठेवली. अशा प्रसंगी पुढे चार जण वेळ विचारतात, हे मला बाबांच्या वेळेपासून ठाऊक आहे. घरात एक तरी माणूस व्यवस्थित हवा, असं मला त्या क्षणीही वाटलं, आणि तो माणूस मीच, असंही वाटलं. चारला दहा कमी. संध्याकाळी तुला घेऊन काटोलला निघालो तेव्हा गाडीतून तुझ्या चुलतभावाला हीच वेळ सांगितली. त्याने ती भटजींना सांगितली, भटजींनी पंचांग काढून काय पाहायचं ते पाहिलं, फोनवरच्या घरच्या ग्रुपमध्येही तीच वेळ गेली. दवाखान्याचा कागद नीट वाचला तो दुसऱ्या दिवशी, तुझ्या पल्लवीने. त्यावर तीनला दहा कमी होते.

माझ्या मनगटावर कोणतं घड्याळ होतं, ते तुला सांगायला नको. तुझ्या मदतीशिवाय, हट्टाने, मी एकट्याने जुळवलेलं ते एकमेव. तासकाटा आणि मिनिटकाटा दोन्ही बरोबर बारावर ठेवून दाबायचे असतात. मी तासकाटा अर्धं घर पुढे दाबून बसवला. तेव्हापासून ते मिनिटं चोख दाखवतं, तास मात्र पाहणाऱ्यावर सोपवतं. तू ते पहिल्यांदा हातात घेतलंस तेव्हा म्हणाला होतास, "हे घड्याळ नाही गा, हे तुह्या हापिसातलं पत्र आहे. ज्याले जसा अर्थ लावायचा तसा लावा." पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला याहून लागट काय बोलायचं? तरी दोन वर्षं मी ते घालतो. तास मनातल्या मनात मागे घ्यायची सवय झाली आहे. त्या दुपारी मन जागेवर नव्हतं.

तुझ्या आईने दोन्ही वेळा ऐकल्या. ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. कोणाकडे न पाहता म्हणाली, "मंग मधातला एक तास माह्या लेकराचा कुठं गेला?"

माझ्याकडे उत्तर होतं, मनगटावर. मी बाही खाली ओढली.

आज तेरवी होऊन चार दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, अरुणराव खंबीर आहेत, मंदाताईचं सगळं त्यांनीच पाहिलं. खंबीर कसला? दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो तसा मी आहे. गाल आहे हे हात लावून पाहावं लागतं. परवा चहात साखर घालायची राहिली, अर्धा कप प्यायलो, मग रेखाने सांगितलं. तेव्हा हे लिहिणंही फार मनापासून आहे असं समजू नकोस. मन येईल तेव्हा येईल. तोवर हात रिकामे आहेत, म्हणून लिहितो.

तुला आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? सासरेबुवांनी मागे एकच घड्याळ ठेवलं आणि जावई दोन. चावीचं जुनं घड्याळ, आत पाणी जाऊन तबकडीवर असा गंज चढलेला की आकडे सहा ते नऊ बुजून गेलेले. मी म्हटलं, "तुम्ही मोठे जावई, तुम्ही ठेवा." तू म्हणालास, "तुम्ही धाकटे, लाडके, तुम्ही ठेवा." मनातून दोघांनाही ते हवं होतं आणि गंजासकट कोणालाच नको होतं. शेवटी तू ते आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडलंस. काटोलच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर तू. कंपासपेटीतल्या पात्याने तू मागचं झाकण उचकटलंस आणि गंजकी तबकडी हातात धरून म्हणालास, "एवढंसं तर आहे. वहीच्या कोपऱ्यात मावते. नवीन काढू."

काढू म्हणालास, जशी काही रांगोळीच. पितळेचा पातळ पत्रा आणला, तो कापला, मधोमध छिद्र पाडलं, ते छिद्र मधोमध नाही असं कळलं, पुन्हा कापला. असे सात पत्रे गेले. आठव्यावर पांढरा रंग बसला आणि तू त्यावर तीन-चार केसांच्या कुंचल्याने मराठी आकडे काढलेस. तुझा तो नऊ! मी आयुष्यात नऊ आकड्याकडे कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. मला तो कायम पगारपत्रकातला वाटायचा.

तोवर आपण एकमेकांना "तुम्ही" म्हणत होतो, साडभाऊ म्हणून जपून. गंज काढायचं पातळ औषध माझ्या हातून कलंडलं आणि दोघांच्या पँटी एकाच वेळी जळल्या, त्या दुपारी ते संपलं. माझ्या लुंगीत तू आणि टॉवेलात मी, असे आपण बाल्कनीत उभे होतो आणि मनीषनगरातल्या समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालायचं सोडून आपल्याकडे पाहत होत्या. "अरुण, आत चाल बे," तू म्हणालास. मी म्हटलं, "तू आधी चाल." झालं.

मग दर रविवारी काटोलहून सकाळची बस. पिशवीत संत्र्यांच्या हंगामात संत्री, एरवी पत्रे आणि रंगाच्या बाटल्या. रेखाने बाल्कनीतलं तुळशीशेजारचं टेबल आपल्याला आंदण दिलं, या अटीवर की घरात काही येणार नाही. कामाची वाटणी आपोआप झाली. तबकडी तुझी, मागचं झाकण माझं. कारण तबकडीला हात लागतो आणि झाकणाला नुसता धीर. स्टीलच्या झाकणावर नेलपॉलिशचा थर द्यायचा, सुईने त्यावर अक्षरं खरवडायची, जुन्या मोबाइल चार्जरची एक तार झाकणाला, दुसरी मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीला, आणि खरवडलेल्या जागी ती काडी ठेवून बसायचं. चुर्र होतं, तपकिरी फेस येतो, वास सुटतो, आणि पोलादात अक्षर उतरतं. नेलपॉलिश अर्थात रेखाची. तिने ती कधी लावलेली मला आठवत नाही, पण संपल्याचं मात्र तिला दर वेळी आठवायचं.

त्याआधीचा माझा तो इस्त्रीचा प्रयोगही तुला माहीत आहे. कागदावर छापलेलं नाव इस्त्रीने झाकणावर उमटवायचं. छापताना ते आरशात दिसतं तसं उलटं छापावं लागतं, हे मी विसरलो. झाकणावर नाव उलटं आलं आणि इस्त्रीला जी काळी शाई चिकटली ती दुसऱ्या दिवशी रेखाच्या पिवळ्या कुर्त्याच्या पाठीवर गेली. पाठीवर नवऱ्याचं अर्धं नाव घेऊन रेखा भिशीला जाऊन आली. तू हसून हसून खाली बसलास. मंदाताईला फोन करून सांगितलंस, तिने काटोलभर.

तर नावाचं असं आहे, विलास. पहिल्या दिवसापासून मागच्या झाकणावर मी माझंच नाव कोरलं. "अरुण, नागपूर." कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या ताब्यात झाकण होतं आणि मला अक्षरांना काहीतरी निमित्त हवं होतं, अशी मी स्वतःची समजूत काढली. तुझं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. "नाव काहून टाकतं? जो घालन त्याचं आहे ते." मी म्हणायचो, कारागिराने सही करावी. तू म्हणायचास, "तुह्या बापानं लुगड्यावर केली का सही?"

नाही केली. उमरेडला बाबा मागावर बसायचे, आणि पूर्ण झालेलं कापड आधी उलटं करून पाहायचे. मागच्या बाजूला धागे कसे बांधलेत, त्यावरून विणणारा कळतो म्हणायचे. पदर सगळेच बघतात. मी त्यांचा मुलगा, आणि मी मागची बाजू वापरली ती स्वतःची पाटी लावायला.

तू एकदाच बोललास त्यावर, तेही हसत. पाचवं की सहावं घड्याळ होतं, तुझ्या चुलतभावाचं. झाकण पालथं करून तू चष्मा वर सारलास. "सातबाऱ्यावर एकट्याचंच नाव चढवलं का गा? वावर तर सामायिक आहे."

मी म्हटलं, "जागा कमी पडते रे झाकणावर."

तू मान हलवलीस आणि रंग ढवळायला लागलास. जागा कमी पडते. नागपूर शहराला जागा होती, तुलाच तेवढी नव्हती. हे मला त्याच वेळी सुचलं होतं, आत्ता नाही. तरी पुढच्या झाकणावर मी तेच कोरलं, आणि त्याच्या पुढच्यावरही. अकरा घड्याळं झाली घरात. मेहुण्या, भाचे, तुझा हेडमास्तर. सगळ्यांच्या मनगटावर दर्शनी तुझा हात आणि कातडीला टेकलेलं माझं नाव.

अकरावं पल्लवीच्या नवऱ्याचं. म्हणजे होणाऱ्या. साक्षगंधाला द्यायचं म्हणून तू चार रविवार त्यावर घातलेस. आकडे नकोत म्हणालास. बारा जागी बारा संत्र्याची फुलं, पाच पाच पाकळ्यांची, आणि फिक्या हिरव्या रंगावर पांढरी. भिंगातून पाहिल्याशिवाय पाकळ्या मोजता येत नव्हत्या. मी म्हटलं, एवढं बारीक दिसणार कोणाला? तू म्हणालास, "पोरीचा बाप आहो मी. दिसासाठी करून राहिलो का?" कशासाठी, ते सांगितलं नाहीस. मी झाकण करून दिलं. नेहमीसारखं.

त्या हॉलमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे, तू हातभर अंतरावर उभा होतास. तरी मला एकदा ते लिहून काढू दे. व्याह्यांनी डबी उघडली, घड्याळ खिडकीच्या उजेडाला नेलं, बराच वेळ पाहिलं. "लय भारी आहे हो हे. कुठून आणलं?" मग ते पालथं केलं आणि मोठ्याने वाचलं. "अरुण, नागपूर. हे अरुण कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही बनवता?"

"हो. घरीच. रविवारी बसतो जरा."

बसतो. एकटाच जणू.

"फुलं बी तुम्हीच काढले?"

ही दुसरी संधी होती. देवाने असो की व्याह्यांनी, चांगली सरळ समोर ठेवली होती. मी म्हणालो, "हातानेच काढलेलं आहे सगळं." कोणाच्या हाताने, ते सांगितलं नाही. वाक्य असं की कुठे पकडता येऊ नये. तीस वर्षं खुलासे लिहिल्यावर एवढं येतं माणसाला. मुलीचा बाप म्हणून तू हात जोडून उभा होतास, आणि अशा वेळी मुलीचा बाप मध्ये बोलत नाही, हे मला माहीत होतं. तेवढ्या भरवशावर मी ते बोललो. चार लोक मागून आले, कौतुक झालं, कोणीतरी माझा घड्याळासोबत फोटो काढला. तू पंगतीकडे जाताना माझ्या जवळ थांबलास आणि म्हणालास, "वडाभात घेतला का तू? संपते लवकर." बस, एवढंच.

पुढचे दोन रविवार तू आला नाहीस.

पहिल्या रविवारी रेखाने विचारलं, "भाऊजी काहून नाही आले?" मी म्हटलं, लग्नघर आहे, काम असेल. दुसऱ्या रविवारी तिने विचारलं नाही. तू रुसलास, हे मला कळलं होतं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. रुसलेल्या माणसाला मनवता येतं. मी एक वाक्य तयार केलं. "विलास, त्या दिवशी मी तुझं नाव सांगायला पाहिजे होतं." साधं वाक्य. बाल्कनीत पाणी घालताना, ऑफिसात फाइल बांधताना मी ते मनात म्हणून पाहिलं. त्यात "राहून गेलं" असा शब्द घालावा का, यावर दोन दिवस गेले.

तिसऱ्या रविवारी तू आलास. पिशवी हलकी होती. जिना चढून आल्यावर तू जरा वेळ दारातच उभा राहिलास. चहा अर्धाच दे म्हणालास रेखाला. मी पाहिलं हे सगळं, पण मी माझ्या वाक्यात गुंतलो होतो, त्यामुळे तुझा चेहरा मला रुसलेल्या माणसाचा वाटला. आजारी माणसाचा वाटायला हवा होता. आपण टेबलाशी बसलो. तू माझं घड्याळ पाहून म्हणालास, "आण तो काटा इकडं. दोन मिनिटांत सरळ करून देतो."

मी म्हटलं, "राहू दे. सवय झाली आहे."

"सवय होते गा," तू म्हणालास. "पण आण."

नाही दिलं मी. का नाही, कोण जाणे. तुझ्याकडून आणखी एक काम फुकट करून घेण्याची लाज वाटली असेल. वाक्य घशापर्यंत येत होतं आणि मी काहीतरी दुसरंच बोलत होतो. चारच्या बसने तू गेलास. बसस्टँडवर सोडायला मी आलो, तिथेही बोललो नाही. तिथे फार आवाज होता.

बुधवारी मंदाताईचा फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं की त्या दोन आठवड्यांत तू चार वेळा धंतोलीत येऊन गेला होतास, तपासण्यांसाठी. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. पल्लवीचं लग्न होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी कॉरिडॉरमध्ये बसलो. तुझं न येणं माझ्यामुळे आहे, असं मी पंधरा दिवस धरून चाललो होतो. तुला तर स्वतःचं निभावायचं होतं. माझा अपराधही मी झाकणासारखाच धरून होतो, वर माझंच नाव.

दुसऱ्या दिवशी मंदाताई जेवायला खाली गेली आणि आपण दोघंच होतो. अर्धा तास. तुझ्या हाताला नळी होती, आवाज खोल गेला होता. वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी तोंड उघडलं आणि तुला सीताबर्डीत पाहिलेल्या एका छोट्या ड्रिलबद्दल सांगितलं. छिद्र कसं मधोमध पडतं, हात कसा हलत नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "अजून काय?"

मी ड्रिलच्या टोकांचे आकार सांगितले.

तू डोळे मिटलेस. "हं," म्हणालास. मला वाटलं, झोप आली.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुझ्या होणाऱ्या जावयाला फोन केला आणि ते घड्याळ मागून घेतलं. पॉलिश पेपर घेतला, आधी भरड, मग बारीक, आणि झाकणावरचं माझं नाव घासायला बसलो. चाळीस मिनिटं लागली. माझं नाव मी नेहमी जरा जास्तच खोल जाऊ देत असे, हे मला तेव्हा कळलं. "नागपूर" लवकर गेलं. "अरुण" जाता जात नव्हता.

मग तुझी सही शोधली. ती सापडायला वेळ लागला नाही. तू मास्तर, माझ्या प्रत्येक कच्च्या कागदावर लाल पेनाने शेरा मारायचास. "ठीक." "बरे." सगळ्यात जास्त वेळा "पुन्हा काढा." आणि खाली "विलास", शेवटच्या 'स'ची दांडी लांब ओढलेली. "पुन्हा काढा"चा एक कागद घेतला, खाली कार्बन ठेवून तुझी सही नेलपॉलिशवर उतरवली, सुईने खरवडली, चार्जर लावला. चुर्र झालं. फेस पुसला. विलास, इतकं स्वच्छ अक्षर माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. दांडीचं टोकसुद्धा आलं. मी ते उचलून डावीकडे धरलं, तुझी खुर्ची असायची त्या बाजूला, आणि तसाच हात धरून बसलो. नंतर लक्षात आलं तेव्हा हात खाली घेतला. तेव्हाही रडू आलं नाही. नख दुखत होतं, तेवढं जाणवलं.

तेरवीला काटोलला गेलो. जेवणं झाल्यावर घरचेच लोक राहिले, ओसरीत आणि अंगणात. मी उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस विनाकारण उभा राहिला की लोकांना वाटतं आता हा भाषण करणार, म्हणून दोन-तीन जण उठून हात धुवायला गेले. मी जावयाच्या हातात घड्याळ दिलं आणि म्हटलं, "साक्षगंधाच्या दिवशी मी खोटं बोललो. हे फुलं विलासने काढले. आजवरच्या सगळ्या घड्याळांच्या तबकड्या त्यानेच केल्या. मी फक्त मागची झाकणं करत होतो, आणि त्यावर माझं नाव टाकत होतो. बाकीच्यांनीही घड्याळं द्या, मी बदलून देतो."

एवढंच. महिनाभर जे वाक्य निघत नव्हतं, ते तुझ्याखेरीज सगळ्यांसमोर निघालं.

पल्लवी म्हणाली, "काका, सगळ्याइले माहीत आहे ते."

"सगळ्यांना?"

"तुम्हाले फूल काढता येते, असं कोनाले वाटन हो?" तुझा चुलतभाऊ म्हणाला. "मांगच्या दिवाळीले दारावर कमळ काढलं होतं तुम्ही. पोट्टे म्हणे, पत्ताकोबी आहे."

कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं. तेरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा. मंदाताईसुद्धा पदर तोंडाशी धरून आत गेली, आणि ती हसत होती की काय, ते पाठीवरून कळलं नाही. व्याही हळूच म्हणाले, "मी त्याच दिवशी ओळखलं होतं, अरुणभाऊ. तुमचे साडभाऊ हात जोडून उभे होते ना, तर त्याइच्या नखात पांढरा रंग होता."

घड्याळ बदलून घ्यायला कोणीही काढलं नाही. "राहू द्या," सगळे म्हणाले. तुझ्या आईने मात्र जावयाकडून ते मागून घेतलं. तबकडी पाहिली नाही, तिला एवढं बारीक दिसत नाही. पालथं केलं आणि अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, दांडीच्या टोकापर्यंत. "खरबरीत आहे," म्हणाली, आणि परत दिलं.

परत येताना गाडी मी चालवत होतो. दोन्ही बाजूंना बागा होत्या. मला हलकं वाटत होतं, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणजे कोणी फसलंच नव्हतं. अकरा घड्याळं, एवढे लोक, आणि त्यात एकटा मीच असा की ज्याला वाटत होतं आपलं खपलं. एवढ्या लोकांना माहीत, तर तुलाही ते माहीत असणार की त्यांना माहीत आहे. मग तू कशाला मनाला लावून घेशील? त्या दिवशी तू वडाभाताचं विचारलंस, तेव्हाच तू ते सोडून दिलं असशील. कळमेश्वर मागे पडेपर्यंत मी हे स्वतःला इतकं पटवलं होतं की घरी येईतो माझी खात्रीच झाली. तुझे आभार मानायचे तर याचेच, असंही मनात आलं. सात पत्रे वाया गेले तरी आठवा कापणाऱ्या माणसाने एक वाक्य कशाला धरून ठेवावं?

दार उघडताना मी रेखाला तसं बोललोही. "बघ, विलासने मनावर घेतलंच नव्हतं. तो काही रागावला नव्हता."

रेखा भिंतीला हात टेकून चप्पल काढत होती. एक पायात राहिली.

"रागावले होते," ती म्हणाली. "साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी मले फोन आला होता त्याइचा. चांगले दहा मिनिटं बोलले. मी म्हटलं, भाऊजी, मी सांगते यांले. तर नको म्हणाले. म्हणे, 'तू मधात पडू नको वं रेखा. त्याले बोलाले दोन-तीन रविवार लागतात. पण बोलते तो.'"